बाळंतिणीने वार खाण्याची ‘प्राचीन’ प्रथा

प्रसूतीनंतर पडलेली वार बाळंतिणीने स्वतःच खाल्ली की अशक्तपणा, उदासी आणि दुधाची कमतरता दूर होते, असा समज अमेरिकेत आणि युरोपात पसरला आहे. ही प्रथा प्राचीन असल्याचेही सांगितले जाते. प्रत्यक्षात तिचे वय पन्नास वर्षांच्या आसपास आहे.

समर्थकांचा पहिला दाखला प्राण्यांचा. उंट आणि देवमाशांसारखे समुद्री प्राणी वगळले तर बहुतेक सस्तन माद्या व्याल्यावर वार खातात. माणसांचे तसे नाही. शॅरन यंग आणि डॅनियल बेनिशेक यांनी 179 समाजांच्या नोंदी तपासल्या. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आईने वार खाण्याची रूढ प्रथा कुठेही खात्रीने आढळली नाही. वार पुरण्याचे रिवाज मात्र अनेक ठिकाणी आहेत. महाराष्ट्रातही सुईण ती खड्डा करून पुरत असे.

दुसरा दाखला चीनचा, आणि तो अर्धाच खरा. आठव्या शतकातील चेन त्सांगची यांच्या औषधग्रंथात वारेचा उल्लेख आहे. 1596 च्या सुमारास छापल्या गेलेल्या ली शिचेन यांच्या प्रसिद्ध निघंटूतही ती येते. पण धुऊन, वाळवून पूड केलेले हे औषध क्षीणता, वंध्यत्व अशा तक्रारींवर स्त्री-पुरुष दोघांनाही दिले जाई, आणि वार बहुधा दुसऱ्याच बाईची असे. बाळंतिणीच्या पथ्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. चीन सरकारने 2005 मध्ये वारेच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली आणि 2015 च्या अधिकृत औषधसंहितेतून ती वगळली गेली.

आजची प्रथा घडली कॅलिफोर्नियात. 1970 च्या दशकात इस्पितळी बाळंतपणाला विरोध करणारी घरगुती प्रसूतीची चळवळ तिथे जोरात होती. चळवळीतील सुईण रेव्हन लँग पुढे चिनी वैद्यक शिकल्या. वार वाफवायची, काप करून वाळवायचे, पूड कॅप्सूलमध्ये भरायची, या पद्धतीचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कच्च्या मांसाची किळस कॅप्सूलने झाकली, म्हणूनच ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांत शिरली असावी. 1998 मध्ये ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’ने एका पाककृती कार्यक्रमात वार शिजवून पाहुण्यांना वाढलेली दाखवली, तेव्हा प्रक्षेपण नियामकाने वाहिनीला फटकारले.

दाव्यांची कसोटी फार उशिरा लागली. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संशोधकांनी काही मातांना वारेच्या, तर काहींना दिसायला तशाच पण निराळ्या कॅप्सूल दिल्या. 2017 आणि 2018 मध्ये आलेल्या या छोट्या चाचण्यांत लोह, मनःस्थिती किंवा थकवा यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. दरम्यान 2016 मध्ये ऑरेगनमधील एका नवजात बाळाला रक्तातील जंतुसंसर्ग दोनदा झाला. तेच जंतू आईच्या कॅप्सूलमध्ये सापडले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 2017 मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध केले आणि अशा कॅप्सूल टाळाव्यात, असा सल्ला दिला. त्या वेळी वारेवर प्रक्रिया करण्याचे कोणतेही प्रमाणित नियम अस्तित्वात नव्हते.