मांडीवरची गिटार

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ उल्हास नदीच्या परिसरात सैन्यासाठी बराकी उठवल्या. त्याच काळात कलकत्त्यात ताऊ मो हा सामोआत जन्मलेला आणि हवाईत वाढलेला कलावंत पत्नी रोझसह मुक्काम ठोकून होता. हॉटेलांत तो मांडीवर आडवी ठेवलेली गिटार वाजवी आणि शिकायला येणाऱ्यांना शिकवीही. फाळणीनंतर कल्याणच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं आणि शहाडच्या अंगाचा भाग कॅम्प १ म्हणून ओळखला जाऊ लागला. ताऊ मो तोवर युरोपकडे निघून गेला होता, पण त्याचं वाद्य इथेच रुजलं. पुढे रेडिओ सिलोन लागला, की कॅम्पातली बराक असो की गिरगावातली चाळ, सिनेगीतांच्या चाली या गिटारीवर कानी पडत.

या वाद्याच्या जन्मावर दोघांचा हक्क सांगितला जातो. ओआहू बेटावरच्या लाईए गावचा जोसेफ केकुकू याने १८८० च्या दशकात तारांवर पोलाद सरकवून वाजवायची रीत काढली, हे जास्त मान्य आहे. दुसरं नाव गॅब्रिएल डेव्हियनचं. हा भारतात जन्मलेला मुलगा एका जहाजाच्या कप्तानाबरोबर होनोलुलूला पोचला, असं सांगतात. आपल्याकडे विचित्र वीणा आणि गोट्टुवाद्यम ही दोन्ही वाद्यं तारेवर काहीतरी सरकवूनच वाजतात, तेव्हा डेव्हियनच्या बाजूने कौल द्यायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. पुरावा फार तुटपुंजा आहे.

१९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने अमेरिकेला हवाईच्या संगीताचं वेड लावलं. लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वाइसनबॉर्न कोआ लाकडाच्या, मानेपर्यंत पोकळ अशा खास गिटारी बनवू लागला. त्या आज संग्राहकांच्या घरी असतात. इथल्या हौशी वादकाच्या वाट्याला तसलं वाद्य येणं कठीणच होतं, आणि खरं तर त्यावाचून त्याचं काही अडलं नाही.

हवाईची ही रीत भारताला इतकी मानवली ती मींडेमुळे. पडदे असलेल्या साध्या गिटारीत सूर पायऱ्यांनी चढतो. पोलादी बार सरकवला की तो घसरत, वळत जातो. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, कारण त्यात मींड निघत नाही असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ मध्ये उठली, तीही अंशतःच. त्याच दशकांत हे परकं वाद्य मात्र गळ्याच्या जवळ जात होतं.

मुंबईत ते गाजवलं लखनौच्या व्हॅन शिपलीने. तो व्हायोलिनही वाजवी, आणि आठ तारांची गिटार त्याने स्वतःच्या कल्पनेने घडवून घेतली होती. पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्याबरोबरच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका लोकांनी डोक्यावर घेतल्या. हजारा सिंग मुंबईत, तर सुनील गांगुली आणि बटुक नंदी कलकत्त्यात सिनेगीतं वाजवत राहिले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐकू आली आणि रागसंगीतात तिला बैठक मिळाली.

पण शिकणाऱ्या सामान्य माणसाकडे कुठलं वाद्य असे? बहुधा कलकत्त्याची साधी गिटार. गिव्हसन, गिबटोन ही त्या शहरातल्या ब्रँडची नावं आजही स्वस्त गिटारीच्या संदर्भात सहज निघतात. मानेच्या टोकाशी तारा ज्याच्यावरून जातात त्या नटावर एक धातूचा उंच तुकडा बसवला की तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. मग बार पडद्यांना घासत नाही आणि पडदे नुसत्या खुणा म्हणून उरतात. या तुकड्याची किंमत गिटारीच्या किमतीपुढे किरकोळ असते.

गंमत अशी, की स्वस्त गिटारीचे नेहमीचे दोष इथे माफ होतात. मान थोडी वाकलेली, पडदे वरखाली, तारा इतक्या उंच की बोटं सोलावीत, अशी गिटार उभी धरून वाजवणाऱ्याला छळते. आडवी ठेवली की यातल्या कशाचाच फारसा त्रास नाही, कारण सूर जुळवायचा तो बार आणि कानाने. बार पडद्याच्या मागे नव्हे, बरोबर पडद्यावर धरायचा, एवढं पथ्य.

बघायची ती पुढची फळी. घोडीच्या मागे लाकूड फुगलंय का, घोडी फळीवरून सुटू लागलीय का? तिच्या खाली कागदाची कड शिरली तर ते वाद्य दुकानातच ठेवावं. शहाडहून लोकलने सीएसएमटीला उतरून धोबी तलावाकडे चालत गेलं, की १८६५ पासूनचं फुर्टाडोज लागतं. तिथे असो वा कल्याणात, मांडीवरची म्हणून वेगळी गिटार क्वचितच टांगलेली दिसते, म्हणून साधीच तपासून घ्यायची.

तारा मिळवतानाही हात आखडता घ्यावा. ओपन ‘ई’, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की ई मेजर वाजेल अशा मेळात तीन तारा नेहमीपेक्षा वर चढवाव्या लागतात आणि प्लायवुडच्या फळीवर ताण वाढतो. ओपन ‘डी’त एकही तार चढत नाही, चार उतरतात. स्वस्त फळी तेवढ्यावर बरीच वर्षं निभावून नेते.