कारखान्यातल्या मुलींची उन्हाळी शाळा

 

आपल्यातल्या बहुतेकजणी कधी ना कधी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेल्या आहेत. भिंतीवर बॅनर असतो, ‘महिला नेतृत्व विकास शिबीर’. बाहेरून आलेले सर किंवा मॅडम बोलतात, आपण वहीत उतरवून घेतो, मग जेवण, सही आणि संध्याकाळची एसटी. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका शिबिरात होते. विषय होता महिलांचे हक्क. दिवसभर आम्हाला चहा देणारी एक बाई होती. आम्ही आत बसलेलो आणि ती बाहेर पायरीवर. तिला आत ये म्हणावं, हे आमच्या चाळीसजणींपैकी एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही.

पुढे शंभर वर्षांपूर्वीच्या एका शाळेची हकिगत वाचली आणि ती पायरीवरची बाई आठवली. तीच हकिगत आज सांगते. शाळा अमेरिकेतली आहे, पण ऐकताना ती फार लांबची वाटणार नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथे फिलाडेल्फिया शहराजवळ ब्रिन मॉर नावाचं मुलींचं कॉलेज आहे. दगडी इमारती, मोठी झाडं, मोठं ग्रंथालय. त्या काळी तिथे शिकायच्या त्या खात्यापित्या घरच्या मुली. केरी थॉमस या बाई कॉलेजच्या अध्यक्ष होत्या. १९२० साली ऑगस्टमध्ये अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला, आणि त्यासाठी थॉमसबाईही झटल्या होत्या. त्याच सुमारास त्या लांबच्या प्रवासाला गेल्या असताना सहाराच्या वाळवंटात त्यांच्या मनात एक विचार आला. मत तर मिळालं, पण ज्या मुली चौदाव्या वर्षी शाळा सोडून कारखान्यात गेल्या त्यांचं काय? उन्हाळ्याच्या सुट्टीत आपलं कॉलेज रिकामंच असतं. तिथे या मुलींना का बोलावू नये?

आणि १९२१ च्या उन्हाळ्यात शाळा उघडली. आठ आठवड्यांची, निवासी. पहिल्याच वर्षी ऐंशीच्या वर मुली आल्या. कोणी शर्ट-झगे शिवणारी, कोणी मागावर काम करणारी, कोणी टोप्या बनवणारी, कोणी टेलिफोन जोडून देणारी. बऱ्याचजणी विशीतल्या, काही तिशी ओलांडलेल्या. रशिया, पोलंड, इटली अशा देशांतून आलेल्या कुटुंबांतल्याही पुष्कळ होत्या. अट अशी की मुलगी स्वतः हाताने काम करणारी हवी, मुकादमीण नको. राहण्याजेवण्याचा आणि शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्तीतून व्हायचा. पण आठ आठवड्यांची मजुरी बुडायची ती बुडायचीच. परत गेल्यावर जागा राहील की नाही, याचीही खात्री नसे. घरी पैसे पाठवणाऱ्या मुलीने दोन महिने कामावर जायचं नाही, म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता शिकवणाऱ्यांकडे येऊ. शाळेच्या प्रमुख होत्या हिल्डा स्मिथ, याच कॉलेजात शिकलेल्या. शिकवायला ठिकठिकाणच्या कॉलेजांतले प्राध्यापक आले, बायका आणि पुरुषही. वर्षभर शिकवून दमलेले लोक आपली उन्हाळ्याची सुट्टी या मुलींसाठी द्यायला तयार झाले. त्यांची तयारी चांगली होती आणि मनही चांगलं होतं, पण वर्गात उभं राहिल्यावर लक्षात आलं की कॉलेजात चालणारं व्याख्यान इथे चालत नाही. पुस्तकात ‘मजुरी’ हा एक धडा असतो. समोर बसलेल्या मुलीसाठी मजुरी म्हणजे शनिवारी हातात पडणारं पाकीट. तिला धडा नको होता. हे पाकीट एवढं हलकं का, ते तिला समजून घ्यायचं होतं.

मग शिक्षकांनी आपली पद्धत बदलली. अर्थशास्त्राचा तास मुलींच्या कामापासून सुरू होऊ लागला. तुझ्या कारखान्यात किती माणसं? दर रोजाचा की नगावर? काम बंद असतं तेव्हा काय करता? इंग्रजीच्या तासाला निबंधाचा विषय मुलीचं स्वतःचं आयुष्य. जिने कधी चार ओळींचं पत्रही भीतभीत लिहिलं होतं, ती कारखान्यातल्या पहिल्या दिवसाबद्दल पानं लिहू लागली. मुलींचं हे लिखाण शाळेच्या मासिकात छापलं जाई.

यातलं एक काम मला फार आवडतं. माउंट होल्योक कॉलेजातल्या एमी ह्यूज या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका इथे शिकवत. त्या काळी मालक लोक एक गोष्ट सर्रास म्हणत, की बायका कमावतात ते वरखर्चाला, रिबिनी-टाचण्यांना. घर काही त्यांच्यावर चालत नाही, म्हणून त्यांना मजुरी कमी दिली तरी चालतं. ऐकल्यासारखं वाटतं ना? आपल्याकडेही खुरपणीला बाईचा रोज कमी का, असं विचारलं की असंच काहीतरी उत्तर येतं.

ह्यूजबाईंनी यावर भाषण दिलं नाही. त्यांच्या वर्गातल्या मुलींनी स्वतःचीच पाहणी केली. मी किती कमावते, त्यातलं घरी किती देते, माझ्या पैशावर कोण कोण जेवतं. एकेकीचे आकडे घेऊन त्यांची बेरीज आणि तक्ते केले. आणि १९२५ साली अमेरिकेच्या सरकारने, म्हणजे तिथल्या कामगार खात्याच्या महिला विभागाने, ती पाहणी पुस्तिका म्हणून छापली. उन्हाळी शाळेच्या विद्यार्थिनींनी केलेला अभ्यास, असं त्यावर लिहिलेलं होतं. आपण घर चालवतो हे मुलींना आधीपासून माहीत होतंच. आता ते आकड्यांत मांडलेलं होतं आणि सरकारी कागदावर छापलेलं होतं.

आता एका शिक्षिकेबद्दल सांगते. तिचं नाव एस्थर पीटरसन. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बोस्टन शहरात श्रीमंत मुलींच्या शाळेत नोकरी करायची, आणि संध्याकाळी विनामोबदला कामकरी मुलींचा वर्ग घ्यायची. एका संध्याकाळी वर्ग रिकामा. कोणीच आलं नाही. तिने चौकशी केली तेव्हा कळलं की मुली संपावर आहेत. कारण काय, तर खिसा.

शिलाई करणाऱ्या मैत्रिणींनो, हे नीट ऐका. त्या मुली बायकांचे झगे शिवायच्या, पैसे नगावर. झग्याचा खिसा चौकोनी असायचा. मालकाने ठरवलं, आता खिसा बदामाच्या आकाराचा. चौकोनी खिसा म्हणजे सरळ टीप मारायची, कोपऱ्यावर वळायचं, पुन्हा सरळ. बदामाला गोलाई आली, टोक आलं. मशीन हळू चालवावी लागते, कापड फिरवत राहावं लागतं. दिवसाचे नग कमी भरायला लागले आणि दर मात्र तोच राहिला. दुकानात झगा घेणाऱ्या बाईला तो बदाम गोड दिसत असेल, पण शिवणारीच्या चुलीवरचं त्याने कमी केलं.

एस्थर त्या मुलींच्या घरी गेली. घरात दिव्याखाली लहान मुलंही शिवणाच्या कामाला लागलेली तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी ती संपवाल्या मुलींबरोबर कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मग पुढची काही वर्षं ती उन्हाळ्यात ब्रिन मॉरच्या शाळेत शिकवायला गेली. खेळ, गाणी, नाटकं हा तिचा विभाग. तिथे ती मुलींना शिकवत होती आणि त्यांच्याकडून शिकतही होती. पुढे १९६१ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तिला नेमलं ते त्याच सरकारी महिला विभागाची प्रमुख म्हणून, ज्याने मुलींची पुस्तिका छापली होती. १९६३ साली अमेरिकेत समान कामाला समान वेतनाचा कायदा झाला, त्यामागे तिचा मोठा हात होता. खिशाची गोष्ट तिने पुढेही कितीतरी वेळा सांगितली.

आता मी सुरुवातीला म्हटलं त्या पायरीवरच्या बाईकडे येते.

ब्रिन मॉरला आलेल्या मुलींना पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट खटकली. आपण वर्गात बसून आठ तासांच्या दिवसाबद्दल शिकतोय, आणि याच कॉलेजात आपल्या खोल्या झाडणारी, आपलं जेवण रांधणारी, बाग राखणारी माणसं किती तास राबतात? त्यांनी चौकशी केली आणि मागणी केली की या लोकांनाही आठ तासांचा दिवस हवा. विचार करा. फुकट शिकायला बोलावलेल्या पाहुण्या होत्या त्या. बोलावणाऱ्या यजमानालाच त्यांनी प्रश्न विचारला.

त्या तिथेच थांबल्या नाहीत. शाळा आमच्यासाठी असेल तर ती चालवण्यात आमचा वाटा हवा, असंही त्यांचं म्हणणं होतं. शाळेच्या कारभारी समितीत निम्म्या जागा कामगार स्त्रियांना मिळाल्या. मग पुढचा प्रश्न आला. या शाळेत कृष्णवर्णीय मुली का नाहीत? त्या काळी अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या लोकांनी एकत्र जेवणं, एका छपराखाली झोपणं पुष्कळांना चालत नसे. विद्यार्थिनींनीच आग्रह धरला, मत घेतलं, आणि १९२६ पासून कृष्णवर्णीय कामगार मुली या शाळेत येऊन राहू लागल्या. खुद्द कॉलेजची गोष्ट वेगळी होती. तिथून पहिली कृष्णवर्णीय मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली ती १९३१ साली, आणि तिला शिकत असताना वसतिगृहात नाही, बाहेर राहावं लागलं होतं. कारखान्यातल्या मुली शिकलेल्यांच्या चार पावलं पुढे गेल्या होत्या.

असे प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या शाळेला त्याची किंमतही मोजावी लागली. १९३४ साली न्यू जर्सी राज्यात एका मोठ्या भाजीपाल्याच्या शेतावर मजुरांचा संप झाला. शाळेतले काही शिक्षक तो बघायला गेले. झालं, बोभाटा झाला की ही शाळा संपात सामील आहे. कॉलेजचे विश्वस्त रागावले. १९३५ साली शाळा कॉलेजच्या आवारात भरली नाही. पुढच्या वर्षी परतली खरी, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही. १९३८ चा उन्हाळा तिथला शेवटचा. मग हिल्डा स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी असलेलं आपलं घर दिलं आणि १९३९ पासून शाळा तिथे भरू लागली, आता पुरुष कामगारांसाठीही.

सतरा-अठरा वर्षांत दीड हजारांहून जास्त स्त्रिया या शाळेत शिकून गेल्या. त्यांतल्या बऱ्याचजणी परत मशीनवरच बसल्या, सगळ्या काही मोठ्या पुढारी झाल्या नाहीत. पण कोणी आपल्या कारखान्यात युनियन उभी केली, कोणी आपल्या गावात संध्याकाळचा वर्ग सुरू केला. युक्रेनमधून आलेली, शिलाईकाम करणारी रोझ पेसोटा इथे शिकली आणि १९३४ साली कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या मोठ्या संघटनेची उपाध्यक्ष झाली. शाळा पाहून दुसरीकडेही अशा उन्हाळी शाळा निघाल्या. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गिरणीवाल्या मुलींसाठी १९२७ साली एक सुरू झाली.

मैत्रिणींनो, नेतृत्व म्हणजे माईक हातात घेऊन बोलता येणं, असं आपल्याला वाटतं. शिबिरातही तेच शिकवतात, आणि तेही यायला हवं. पण त्या मुलींचं नेतृत्व दिसलं ते मला वाटतं चौकशीतून. आपलं पाकीट हलकं का, इथपासून सुरुवात झाली आणि ती आपल्याला जेवण वाढणारीच्या तासांपर्यंत गेली. चांगल्या शिक्षकांनी त्यांना अडवलं नाही. आपल्यावर प्रश्न आला तेव्हाही अडवलं नाही. कोणी आपल्याला शिकवायला आलं, तर त्या माणसाची पारख याच गोष्टीवर करावी.

आता एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की वहीचं एक कोरं पान घ्या. प्रत्येकीने सांगायचं, गेल्या महिन्यात मी काय कमावलं: रोजाने, दुधाचं, शिलाईचं, कोंबड्यांचं. आणि ते कुठे गेलं: किराणा, फी, औषध, सोसायटीचा हप्ता. जिला लिहिता येतं तिने लिहायचं आणि शेवटी बेरीज करायची. ‘बायकांचं काय, वरखर्चाला’ असं पुन्हा कोणी म्हणालं की ते पान पुढे करायचं.

आणि बैठकीला चहा करणारी जी कोणी असेल, तिलाही चूल बंद करून आत बोलवा. तिचंही नाव त्या पानावर हवं.

येते मी. नमस्कार.