शेणाचे दगड

वाकडात डायनासोरचं पाऊल सापडायचं नाही. नातवंडांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. नाताळच्या सुट्टीत दोघं पट्टी घेऊन मुळेकाठचे खळगे मोजायला निघाली होती.

पाऊल उमटायला ओला चिखल लागतो. तो वाळून त्यावर गाळ बसला, दोन्हींचा दगड झाला, तर ठसा टिकतो. राजस्थानात जैसलमेरजवळ 2014 मध्ये असे ठसे सापडले. आपला काळा कातळ चिखलाचा नव्हे, जमिनीच्या भेगांतून आलेल्या लाव्हाचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेले. आजही ते 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत. डायनासोर संपले ते याच सुमाराला. त्यात आपल्या लाव्हाचा हात किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

हे थर मी पुस्तकाआधी विहिरीत पाहिले. 1972 च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोल नेली. वर माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा कातळ. त्याखाली विटेसारखा तांबडा थर लागला, हातभर जाड, आणि खाली पुन्हा कातळ. वडील त्याला गेरू म्हणायचे.

"आबा, दगडाच्या मध्येच माती कशी?" धाकटीनं विचारलं. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जमीन ऊनपाऊस खात पडून राहिली, तिची माती झाली, मग वरून पुन्हा लाव्हा आला नि ती भाजून निघाली. दाखवायला विहीर मात्र उरली नाही. 1997 ला गाव महापालिकेत गेलं, शेतावर इमारत आली, आम्हीच तिच्या चौथ्या मजल्यावर राहतो. गावाच्या पोटात काय आहे ते बघायचं, तर पार्किंगसाठी खणलेल्या खड्ड्यात डोकवावं लागतं, तेही वॉचमन हाकलेपर्यंत.

सुनेचं माहेर वरोऱ्याचं, हे आमचं नशीब. त्या तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात नागपूरला राहणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी तिथली हाडं जमवली होती. त्याच सुट्टीत पोरं आजोळी निघाली, तसा मीही निघालो.

व्याह्यांनी ओळखीच्या शेतात नेलं. पायाखाली तपकिरी, मुठीएवढे, गोलसर दगड. पाऊल नव्हे पोरांनो, म्हटलं, हे डायनासोरचं शेण आहे, दगड झालेलं. थोरला "शी!" म्हणून मागे सरला. धाकटीनं वास घेऊन जाहीर केलं, "येत नाही."

खरी मौज पुढे आहे. गवताच्या पात्यानं बोट कापतं ना? पात्यात काचेसारख्या सिलिकाचे कण असतात. पातं कुजलं तरी कण राहतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक सहानी आदींनी 2005 मध्ये पिसदुऱ्याच्या या दगडांत असे कण दाखवले. त्यांत भात आणि बांबूच्या नात्यातली गवतं निघाली. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं मानत. जगभरच्या अभ्यासकांचा समज आमच्या विदर्भातल्या शेणानं बदलला! हाडांपुढे शेणाला कोण विचारतो? पण जनावर काय खात होतं, हे शेणच सांगतं, गुराख्याला विचारा.

शेतमालक कपाशीतून आले. "वखराला लागते म्हणून आम्ही धुऱ्यावर फेकतो जी," म्हणाले. बांधाला त्यांच्याकडे धुरा म्हणतात. मला चर्रर्र झालं; पण पीक त्यांना काढायचं होतं, मला नाही. थोरला आता धुऱ्यावर ठाण मांडून बसला होता, एकेक दगड उलटा करून बघत.

न्यायचा मात्र एकही नाही, असं बजावलं होतं. दगड जागचा हलला की तो कुठल्या थरातला, हे सांगणारं कोणी राहत नाही. घरी व्याहीणबाईंनी धाकटीचा खिसा उपडा केला. दोन बोरं निघाली आणि चिमूटभर कापूस.