कळ दाबली, हे कसे कळते?

संगणकाच्या कळफलकावरील कळ दाबली की पडद्यावर अक्षर उमटते. या दोन घटनांच्या मध्ये कळफलकातच बसविलेला एक छोटा संगणक काम करीत असतो. मायक्रोकंट्रोलर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चिपमधील कायमस्वरूपी प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. तयार कळफलकात तो उत्पादकाने लिहिलेला असतो. सुटे स्विच, सर्किट बोर्ड आणि कीकॅप जोडून स्वतःचा यांत्रिक कळफलक बनविणारे हौशी लोक मात्र तो स्वतः निवडतात आणि हवा तसा बदलतात. त्यांच्यात क्यूएमके हे मुक्तस्रोत फर्मवेअर विशेष रुजले आहे. टीएमके या आधीच्या प्रकल्पातून ते विकसित झाले. अशा फर्मवेअरचा गाभा म्हणजे कळा वाचणारा भाग होय.

जाळीची रचना

प्रत्येक कळेसाठी चिपची स्वतंत्र पिन वापरणे परवडत नाही. एटीमेगा ३२यू४ या लोकप्रिय चिपला वापरण्याजोग्या २६ पिना आहेत, तर लहानशा कळफलकावरही ६१ कळा असतात. म्हणून कळा ओळी आणि स्तंभ यांच्या जाळीत जोडतात. ५ ओळी आणि १४ स्तंभ घेतले, तर केवळ १९ पिनांत ७० जागा मिळतात. फर्मवेअर एकेक ओळ क्रमाने जागी करते आणि कोणत्या स्तंभापर्यंत विद्युतसंकेत पोहोचला ते पाहते. हे काम सेकंदाला शेकडो, बहुधा हजारो वेळा चालते.

या रचनेचा एक दोष आहे. जाळीतील एखाद्या आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, तर विद्युतप्रवाह उलट्या वाटेने फिरतो आणि चौथी, न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. प्रत्येक कळेला एक डायोड जोडल्यास हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि भासमान कळ नाहीशी होते. दोष तारांच्या जोडणीतच दूर झाला, की त्यासाठी प्रोग्राममध्ये वेगळी तपासणी लिहावी लागत नाही.

थरथरणारा संपर्क

दुसरी अडचण स्विचमधील धातूच्या पट्ट्यांची आहे. त्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात. परिणामी एकदा दाबलेली कळ चिपला अनेकदा दाबल्यासारखी दिसते. ही थरथर गाळण्याच्या क्रियेला डिबाउन्सिंग म्हणतात. क्यूएमकेमध्ये त्यासाठी मूळ कालावधी ५ मिलिसेकंद ठेवलेला आहे.

गाळणी चुकली, तर एक अक्षर दोनदा उमटते किंवा उमटतच नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिताना हलन्ताची कळ निसटली, तर ‘पत्ता’चा ‘पतता’ होतो. पासवर्डच्या चौकटीत अक्षरे दिसत नसल्याने तेथे चूक लक्षातही येत नाही. फर्मवेअरला लिपीचे ज्ञान नसते. ते संगणकाला केवळ कळेचा क्रमांक कळविते. १४ हा क्रमांक इंग्रजी मांडणीत ‘के’ होतो, तर इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’. त्यामुळे वाचनातील दोष कोणत्याही भाषेच्या लेखनात सारखाच डोकावतो.

गुंता कोठे होतो?

नवख्याने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये बहुधा वाचणे, गाळणे आणि कळेचा अर्थ लावणे ही तिन्ही कामे एकाच लांबलचक फेऱ्यात गुंफलेली असतात. बदल दिसताच ५ मिलिसेकंद थांबावे, असा आदेशही त्यातच असतो. त्या थांब्यात दिवे, फिरती बटणे आणि इतर कळांचे वाचन असे सारेच काम खोळंबते. सुलभीकरणाची पहिली पायरी म्हणजे ही तीन कामे वेगळी करणे. वाचणाऱ्या भागाने फक्त जाळीची स्थिती सांगावी, गाळणाऱ्याने घड्याळाकडे पाहून कोणता बदल खरा ते ठरवावे आणि अर्थ लावणाऱ्याने केवळ खरे बदल स्वीकारावे.

दुसरी पायरी माहिती साठविण्याची. ७० कळांसाठी ७० स्वतंत्र नोंदी ठेवण्याऐवजी प्रत्येक ओळ ही एकच १६ बिटांची संख्या मानता येते. तिच्यातील प्रत्येक बिट म्हणजे एक कळ. जुनी आणि नवी संख्या यांवर ‘एक्सॉर’ ही क्रिया केली, की बदललेल्या कळांचेच बिट १ होतात. उत्तर शून्य आले, तर त्या ओळीत काहीच घडलेले नाही आणि पुढे जाता येते. एकाआत एक असलेले फेरे आणि अटींची रांग त्यामुळे पुष्कळ कमी होते.

गाळणीही याच रीतीने आटोपशीर होते. प्रत्येक कळेला एक बाइटचा मोजक दिला, तर ७० बाइट लागतात. त्याऐवजी दोन बिटांचा मोजक घेऊन त्याचे दोन्ही बिट दोन वेगळ्या संख्यांत उभे मांडले, तर ओळीतील सर्व कळांचे मोजक एकाच वेळी पुढे सरकतात. ५ ओळींना २० बाइट पुरतात. नवी स्थिती लागोपाठ चार वाचनांत तशीच दिसली तर ती मान्य होते. मध्येच जुनी स्थिती दिसली, तर मोजक शून्यावर येतो.

काय काढू नये?

प्रत्येक ओळ जागी केल्यावर संकेत स्थिर होण्यासाठी काही मायक्रोसेकंदांचा थांबा असतो. ओळ सोडल्यावरही स्तंभाच्या तारेला मूळ स्थितीत येण्यास थोडा वेळ लागतो. हे थांबे निरुपयोगी समजून काढले, तर एका ओळीतील कळ पुढच्या ओळीत उमटू शकते. गाळणीची पद्धत निवडतानाही असाच विवेक हवा. बदल दिसताच तो कळविणारी पद्धत जलद असते, पण विजेच्या क्षणिक गोंधळालाही ती कळ समजते. थांबून खात्री करणारी पद्धत अधिक सुरक्षित असली, तरी काही मिलिसेकंद घेते. संपूर्ण कळफलकासाठी एकच घड्याळ ठेवणे सर्वांत सोपे. मात्र भरभर टंकन करताना एका कळेची थरथर दुसरीलाही खोळंबून ठेवते.

वेगळ्या केलेल्या भागांचा आणखी एक लाभ आहे. गाळणीचा भाग चिपशिवाय, साध्या संगणकावरच तपासता येतो. थरथरत्या संकेतांची ठराविक मालिका त्याला द्यावी आणि जुन्या व नव्या प्रोग्रामची उत्तरे ताडून पाहावीत. क्यूएमकेमध्येही गाळणीसाठी अशा स्वयंचलित चाचण्या आहेत.

कळफलकातून जाणारा प्रत्येक पासवर्ड आणि प्रत्येक खासगी मजकूर फर्मवेअरच्या हातून जातो, तोही सांकेतिक रूपात बांधला जाण्याआधी. हा प्रोग्राम आटोपशीर असेल, तर वापरणारा किंवा त्याचा जाणकार मित्र तो ओळ न् ओळ वाचून त्यात काय चालते याची खात्री करू शकतो. सुलभीकरणात वाचलेल्या बाइटांपेक्षा ही खात्री अधिक मोलाची आहे.