लगुना माद्रेतील थंडीच्या लाटा आणि हौशी मासेमारी

टेक्सासच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर पसरलेले सुमारे 180 किलोमीटर लांबीचे पाद्रे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये लगुना माद्रे हे खाजण, म्हणजे वाळूच्या बांधामुळे समुद्रापासून जवळजवळ तुटलेले खारे सरोवर, आहे. नद्यांचे गोडे पाणी त्यात फारसे येत नाही आणि बाष्पीभवन मात्र प्रचंड होते, त्यामुळे त्याचे पाणी बहुधा समुद्राहूनही खारट असते. खोली सरासरी मीटरभरच असल्याने ऊन तळापर्यंत पोहोचते, समुद्रगवताची कुरणे माजतात आणि त्यांच्या आश्रयाने मासे वाढतात. मात्र हा उथळपणाच हिवाळ्यात त्यांच्या जिवावर उठतो.

उत्तरेच्या मैदानांवरून येणारा गार वारा, ज्याला तेथे ‘नॉर्दर’ म्हणतात, काही तासांत हवेचा पारा खाली आणतो आणि उथळ पाणीही पाठोपाठ थंड पडते. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबरच उतरते. पाणी सात अंश सेल्सियसच्या आसपास आले की तेथील हौशी मासेमारांचा आवडता स्पेकल्ड ट्राउट, जो नावाने ट्राउट असला तरी आपल्याकडील घोळ आणि ढोमा यांच्या कुळातला आहे, सुस्तावतो. पारा आणखी उतरला की शरीरातील क्षारांचा तोल ढासळतो आणि मासा कुशीवर कलंडून तरंगू लागतो. थंडी सावकाश आली, तर मासे खोल चरांत सरकतात. झपाट्याने आली, तर कुरणांतच सापडतात. ज्यांना चर गाठता येतो त्यांच्यापुढेही संकट असतेच, कारण दाटीने जमलेला बधिर मासा गळाला आयता लागतो.

1951 च्या जानेवारीअखेर आलेल्या लाटेने दक्षिण टेक्सासच्या किनाऱ्यावर 6 ते 9 कोटी पौंड मासे मारले, असा अंदाज गॉर्डन गंटर या सागरी जीवशास्त्रज्ञाने मांडला. त्याआधी 1940 मध्येही असा संहार झाला होता. त्या काळी अशी लाट म्हणजे दैवाचा कोप मानून नोंदवण्यापलीकडे फारसे काही होत नसे. हे चित्र पालटले ते 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा जाळ्यांनी होणाऱ्या धंदेवाईक मासेमारीमुळे मासे घटत असल्याची ओरड करत हौशी मासेमार संघटित झाले. 1977 मध्ये ह्यूस्टनला गल्फ कोस्ट कॉन्झर्वेशन असोसिएशन स्थापन झाली. 1981 च्या कायद्याने रेडफिश आणि स्पेकल्ड ट्राउट यांना क्रीडामत्स्याचा दर्जा मिळाला आणि राज्याच्या पाण्यात पकडलेल्या या माशांची विक्री बंद झाली. जाळ्यांवर पोट असलेल्या कोळी कुटुंबांचा धंदा त्यात बुडाला. हौशी मासेमारांच्या विजयाचा इतिहास लिहिताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

कायद्याची शाई वाळते न वाळते तोच, 1983 च्या डिसेंबरात, आलेल्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुमारे 1 कोटी 40 लाख मासे मेले. बाजारासाठीची पकड आधीच बंद झाली होती, त्यामुळे उरलेल्या माशांना सावरायचे, तर हौशी मासेमारांनाच हात आखडता घ्यावा लागणार होता. 1984 मध्ये स्पेकल्ड ट्राउटची माणशी रोजची मर्यादा 20 वरून 10 वर आली. 1989 मध्ये फेब्रुवारी आणि डिसेंबर अशा दोन लाटा एकाच वर्षात आल्या. या संकटांचे मोजमाप करण्यास राज्याच्या मत्स्यखात्याचे सर्वेक्षण कामी आले: 1975 पासून ते वसंत आणि शरद ऋतूंत ठरावीक पद्धतीने गिलनेट, म्हणजे ज्याच्या फासात माशाचे कल्ले अडकतात असे जाळे, लावते आणि सापडलेले मासे मोजते. नुसती मेलेल्या माशांची मोजदाद अपुरी पडते, कारण कित्येक मासे तळाशी जातात.

2021 च्या फेब्रुवारीतील लाटेत सुमारे 38 लाख मासे मेल्याचा अंदाज खात्याने दिला. त्यांपैकी दहांतील नऊ हौशी मासेमार ज्यांच्या मागे नसतात अशा जातींचे होते. तरी मेलेल्या स्पेकल्ड ट्राउटची संख्या 1 लाख 60 हजारांच्या घरात गेली आणि त्यांतील बहुसंख्य लगुना माद्रेतले होते. म्हणून 1 एप्रिलपासून तेथे माणशी रोज तीनच, आणि तेही 17 ते 23 इंचांमधलेच, मासे ठेवण्याची तात्पुरती मुभा राहिली. या जातीचा मासा एक-दोन वर्षांत प्रजननक्षम होतो, त्यामुळे वाचलेली मोठी मादी पुढच्या हंगामाची बेगमी असते. हा हिशेब धरूनच वरची मर्यादा आखली होती. 2024 च्या मार्चमध्ये तीन माशांची मर्यादा राज्याच्या साऱ्या किनाऱ्याला लागू झाली.