मिशन हॉस्पिटलच्या जन्मनोंदी

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातलं होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल गावात ओळखलं जातं ते ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिशनने ते बायका-मुलांसाठी काढलं. १९३४ पासून तिथे बाळंतपणाची मापं लिहून ठेवायचा शिरस्ता होता: बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, शिवाय गरोदरपणातलं आईचं वजन आणि तिच्या कटीच्या हाडांची रुंदी. यात संशोधनाचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. बाई अडेल की सहज मोकळी होईल, एवढा अंदाज यावा म्हणून ही मोजमापं. पुढे पन्नास-साठ वर्षांनी हृदयविकाराच्या अभ्यासकांनी याच नोंदी उघडल्या.

मधला दुवा इंग्लंडमधला. १९८६ साली साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड यांना दिसलं, की १९२१ ते २५ या काळात ज्या भागांत तान्ही मुलं जास्त दगावली, त्याच भागांत १९६८ ते ७८ दरम्यान हृदयविकाराने माणसंही जास्त गेली. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा रोग, अशी तेव्हाची समजूत. मग तो गरीब वस्त्यांत कसा? उत्तर मिळालं हार्टफर्डशायरमध्ये. एथेल बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली नर्सेसनी १९११ पासून बाळांची जन्माची आणि पहिल्या वाढदिवसाची वजनं लिहून ठेवली होती. त्यातल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ साली निष्कर्ष आला: ज्यांचं तेव्हाचं वजन कमी, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू जास्त.

हे भारतात लागू पडतं का, हे तपासायला म्हैसूर सापडलं. डॉ. कॅरोलिन फॉल, क्लॉडिया स्टाइन, के. कुमारन यांच्या गटाने १९३४ ते ५४ दरम्यान मिशन हॉस्पिटलमध्ये जन्मलेली आणि अजून त्याच परिसरात राहणारी ५१७ माणसं गाठली. काम सोपं नव्हतं. बाळंतपणाच्या नोंदीत बाळाला नावच नसतं, बारसं व्हायचं असतं! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ साली निकाल छापून आला. ५२ जणांना हृदयविकार होता. जन्मवेळी अडीच किलो किंवा कमी भरलेल्यांत त्याचं प्रमाण ११ टक्के, ३.१ किलोच्या वर भरलेल्यांत ३ टक्के. बाळ अडीच किलोच्या आत आणि आईही पंचेचाळीस किलोच्या आत असेल, तर तब्बल २० टक्के.

बावन्न रोग्यांवर फार मोठी इमारत उभी राहत नाही. सगळ्यांचा मिळून आलेला कल संख्याशास्त्राच्या कसोटीवर थोडा लंगडाच होता. पंचेचाळिशीपुढच्यांत मात्र तो पक्का ठरला. आधीच मरण पावलेले किंवा गाव सोडून गेलेले या हिशोबात नाहीतच. तरी दिशा स्पष्ट होती: पोटात उपासमार झाली की गर्भ मेंदू वाचवतो आणि बाकीच्या अवयवांच्या वाढीला कात्री लावतो. त्याची किंमत पन्नाशीत चुकती होते.

हाच धागा पुण्यात आधीपासून कातला जात होता. के. ई. एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चार वर्षांच्या मुलांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं, तर जन्माला कमी वजनाच्या मुलांत साखर आणि इन्सुलिन जास्त निघालं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास मांडला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, साउदॅम्प्टनचं साडेतीन. पण पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि पोट बारीक, पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ शाबूत. वरून काटकुळं, आतून चरबीदार.

म्हैसूरच्या नोंदींनी पुढे एक कोडंही घातलं. मधुमेहाचा हिशोब मांडला, तर तो आखूड पण गुबगुबीत बाळांत आणि वजनदार आयांच्या मुलांत जास्त! त्या आयांना गरोदरपणी मधुमेह असेल का? १९४० साली साखर कोण तपासत होतं? म्हणून १९९७-९८ मध्ये त्याच हॉस्पिटलात नव्या आयांची तपासणी झाली. हीच ‘पार्थेनॉन स्टडी’. सुमारे सहा टक्के आयांना गरोदरपणीचा मधुमेह निघाला. डॉ. जी. व्ही. कृष्णवेणी यांच्या गटाने ही मुलं वाढताना वरचेवर तपासली. तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना अनोळखी परीक्षकांपुढे उभं करून भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावलं. मधुमेही आयांच्या मुलांचा रक्तदाब त्या ताणात इतरांहून जास्त चढला. या वयात हा फरक दिसावा, ही मला या सगळ्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

ही मुलं आज तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. हार्ट अटॅकच्या नेहमीच्या वयाला पोचायला अजून वीसेक वर्षं. त्यांचा निकाल तेव्हा लागेल. तोवर आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिगृहांना एक विनंती: कपाटात अशा वह्या पडून असतील, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाला एक फोन करा.