नौकेच्या यंत्राची तहान

गतवर्षीं एका स्नेह्यांच्या शिडाच्या नौकेंतून मुंबई बंदराहून मांडव्यास जाण्याचा योग आला. अर्ध्या वाटेवर वारा पडला, शीड लोंबूं लागलें, आणि स्नेह्यांनीं नौकेच्या तळाशीं असलेलें लहानसें डिझेल यंत्र सुरू केलें. दहा-बारा मिनिटें झालीं नाहींत तोंच उष्णतामापकाचा कांटा वर चढूं लागला व धोक्याची शिटी वाजूं लागली. आम्ही तिघे-चौघे सुशिक्षित गृहस्थ त्या यंत्राभोंवतीं जमलों आणि प्रत्येकानें आपापला तर्क पुढें मांडला. कोणी म्हणे तेल संपलें असेल, कोणी म्हणे यंत्रच जुनें झालें. बरोबरचा वृद्ध तांडेल मात्र यंत्राकडे पाहीना. तो नौकेच्या मागील टोंकास गेला, खालीं वांकला आणि म्हणाला, "मास्तर, यंत्राकडं मागाहून बघूं. आधीं मागं पाणी पडतंय का तें बघा."

पाणी पडत नव्हतें. यंत्र बंद करण्यांत आलें, आणि समुद्राचें पाणी आंत घेणाऱ्या नळीवरील गाळणी उघडतांच तिच्यांत शेवाळ व प्लास्टिकच्या पिशवीचा चोळामोळा सांपडला. अर्ध्या घटकेंत आमचा प्रवास पुन्हा सुरू झाला. गोष्ट एवढीच. परंतु तांडेलाचा तो प्रश्न आमच्या मनांत राहिला, आणि इतिहासाच्या अभ्यासकास लागलेल्या खोडीप्रमाणें आम्ही त्या प्रश्नाचें कूळ शोधूं लागलों. तें जवळजवळ दोनशें वर्षे मागें जातें, आणि त्यांत मुंबईच्या गोदीचाहि थोडा वांटा आहे.

प्रथम मूळ अडचण काय ती पाहूं. कोणतेंहि उष्णतायंत्र जळणांतील सगळ्या उष्णतेचें काम करूं शकत नाहीं. आजच्या डिझेल यंत्रांतहि ढोबळ मानानें तिसरा हिस्साच चाक फिरविण्यास उपयोगी पडतो. उरलेली उष्णता कांहीं धुरावाटे जाते, कांहीं यंत्राच्या भिंतींत शिरते, आणि ती तेथून काढून नेली नाहीं तर लोखंड फुगून यंत्र जागच्याजागीं अडतें. जमिनीवरील यंत्रास वारा किंवा विहिरीचें पाणी मिळूं शकतें. जहाजावरील यंत्राभोंवतीं तर अथांग पाणी पसरलेलें असतें. येवढें पाणी असतां यंत्र तापावें कां, असा प्रश्न कोणासहि पडेल. उत्तर असें कीं तें पाणी खारें आहे. समुद्राच्या शंभर भाग पाण्यांत सुमारें साडेतीन भाग क्षार असतात, आणि आगबोटीच्या इतिहासांतील अर्धें शतक या साडेतीन भागांशीं झगडण्यांत गेलें आहे.

१७६९ सालीं जेम्स वॅट यानें वाफ निववण्यासाठीं निराळ्या पात्राचें पेटंट घेतलें. या पात्रास आपण कंडेन्सर म्हणूं. त्यांत वाफेवर थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफेचें पाणी होई, पोकळी निर्माण होई, आणि त्या पोकळीच्या जोरावर यंत्र चाले. खाणीच्या तोंडाशीं ही योजना उत्तम होती. जहाजावर मात्र फवारा समुद्राच्या पाण्याचा असे. वाफेपासून झालेलें गोडें पाणी त्या खाऱ्या पाण्यांत मिसळून जाई व तेंच मिश्रण पुन्हा बाष्पपात्रांत भरावें लागे. पाण्याची वाफ होऊन जाई, क्षार मागें राही. पुन्हा पाणी भरावें, पुन्हा क्षार वाढावा. त्यांतहि चुन्याच्या क्षारांचा एक विचित्र स्वभाव आहे. साखर किंवा मीठ ऊन पाण्यांत अधिक विरघळतें. समुद्रांतील जिप्सम मात्र पाणी जों जों तापत जावें तों तों कमी विरघळतें, आणि नेमक्या अत्यंत तप्त भागावर दगडासारखें बसतें. हा थर उष्णता पुढें जाऊं देत नाहीं. मग पात्राचा पत्रा पाण्याच्या शेजारीं असूनहि कोरड्या तव्यासारखा लाल होतो, मऊ पडतो आणि फुगतो.

यावर तत्कालीन उपाय एकच होता. दर कांहीं तासांनीं बाष्पपात्रांतील दाट झालेलें उकळतें पाणी समुद्रांत सोडून द्यावयाचें आणि ताजें भरावयाचें. कोळसा जाळून तापविलेलें पाणी फेंकून देणें म्हणजे कोळसाच समुद्रांत ओतणें होय. ही उधळपट्टी त्या काळच्या साऱ्याच आगबोटींस सोसावी लागे. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट १८२९ सालीं पाण्यांत उतरली. तिचें वजन ४११ टन होतें व तिला प्रत्येकीं ८० अश्वशक्तीचीं दोन यंत्रें होतीं. २० मार्च १८३० रोजीं ती मुंबईहून निघाली व २२ एप्रिल रोजीं सुएझला पोंचली. मुंबई-सुएझ या मार्गावरील वाफेच्या दळणवळणाची ही सुरुवात होय. पण तिच्यांत कोळसा मावत होता तो साडेपांच दिवस पुरेल एवढा, आणि एडनपर्यंतचा पल्ला होता अकरा दिवसांचा. तेव्हां माणसांच्या खोल्यांतूनहि कोळसा भरावा लागला, आणि पुढील मुक्कामांवरील कोळसा शिडाच्या जहाजानें आधींच पाठवावा लागला. वाफेनें वाऱ्यावर मात केली असें आपण म्हणतों. परंतु त्या मात करणाऱ्या वाफेचें अन्न वाराच वाहून नेत होता, हें विसरून चालणार नाहीं.

मिठाच्या या कोंडींतून वाट काढणारा मनुष्य म्हणजे सॅम्युएल हॉल. हा नॉटिंगहॅमशायरकडील, आणि त्याचा पूर्वीचा व्यवसाय जाळीदार कापडाशीं निगडित होता. यानें १८३४ सालीं असा कंडेन्सर पेटंट केला कीं ज्यांत दोन पाणी एकमेकांस मिसळतच नाहींत. बारीक नळ्यांच्या एका बाजूस यंत्राची वाफ, दुसऱ्या बाजूस समुद्राचें थंड पाणी, आणि मध्यें केवळ धातूची पातळ भिंत. उष्णता भिंतीपलीकडे जाते, मीठ जात नाहीं. वाफेचें झालेलें गोडें पाणी पुन:पुन्हा बाष्पपात्रांत फिरत राहतें. कल्पना नुसतीच नवी नव्हती. ती व्यवहारांतहि उतरली. ४ एप्रिल १८३८ रोजीं आयर्लंडमधील कॉर्कहून निघून २२ एप्रिलला न्यूयॉर्कला पोंचलेल्या 'सिरिअस' या ७०३ टनांच्या आगबोटींत हॉलचाच कंडेन्सर होता.

त्या शर्यतींत 'सिरिअस'च्या मागोमाग दुसऱ्याच दिवशीं पोंचलेली 'ग्रेट वेस्टर्न' ही ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याची आगबोट. तिची कथाहि आमच्या विषयाशीं लागून आहे. ३१ मार्च १८३८ रोजीं ती टेम्स नदींतून ब्रिस्टलकडे निघाली असतां धुराड्याच्या तळाशीं बाष्पपात्रावरील आवरणानें पेट घेतला. उष्णता वायां जाऊं नये म्हणून घातलेलें तें आवरण धुराड्याच्या फार जवळ पोंचलें होतें. आग विझविण्यास धांवलेला ब्रुनेल जळक्या शिडीवरून सुमारें वीस फूट खालीं पडला, तो सुदैवानें एका सहकाऱ्याच्या अंगावर, म्हणून वांचला. या घटनेच्या बातमीनें घाबरून बहुतेक उतारूंनीं आपलें जाणें रद्द केलें, आणि अटलांटिक ओलांडण्यास अवघे सात उतारू उरले.

इतकें असूनहि हॉलची योजना त्या काळीं टिकली नाहीं. यंत्रास वंगण म्हणून चरबी वापरीत. ती वाफेबरोबर जाऊन नळ्या बुजवी, आणि बाष्पपात्रांत पोंचली म्हणजे पत्रा खाई. शिवाय गोडें पाणी मिळाल्यावर क्षाराचा पातळ थरहि उरला नाहीं, त्यामुळें लोखंडास गंज लवकर लागूं लागला. अतिरेकानें मारक ठरणारें मीठ अल्प प्रमाणांत रक्षक होतें, हा बोध अनेकांस तेव्हां प्रथमच झाला. पुढें १८६० नंतर वाफेचा दाब वाढला, दोन टप्प्यांची संयुक्त यंत्रें आलीं, खारें पाणी मुळींच चालेनासें झालें, आणि हॉलची दोन पाण्यांची योजना नव्या वंगणासह सर्वत्र परत आली. हॉल १८६३ सालीं वारला. त्याच्या हयातींत त्याच्या पदरीं यशापेक्षां वादच अधिक आले असावेत, असें आम्हांस वाटतें.

याच सुमारास घडलेली एक दुर्घटना येथें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. ब्रुनेलचें शेवटचें जहाज 'ग्रेट ईस्टर्न', लांबी ६९२ फूट. याच्या धुराड्यांभोंवतीं पाण्याचें एक कवच होतें. हेतु दुहेरी होता: बाष्पपात्राचें पाणी आधींच ऊन व्हावें आणि शेजारचा भव्य दिवाणखाना तापूं नये. कवचांतील वाफ बाहेर जाण्यास वाट ठेवलेली होती. पण त्या वाटेवर एक तोटीहि होती. ९ सप्टेंबर १८५९ रोजीं चांचणीच्या सफरीवर जहाज हेस्टिंग्सजवळून जात असतां पुढील धुराड्याचें कवच भयंकर आवाज करून फुटलें. तोटी बंद होती. धुराडें उडालें, दिवाणखान्याची नासधूस झाली, आणि उकळत्या पाण्यानें व वाफेनें भाजून यंत्रकोठींतील कामगार मृत्युमुखीं पडले. दुसऱ्या एका धुराड्याची तोटीहि तशीच बंद होती; ती वेळेवर उघडल्यामुळें पुढचा अनर्थ टळला. त्या कवचाची जबाबदारी कोणाची, याविषयीं मागाहून बराच वाद झाला. ब्रुनेल तेव्हां अंथरुणास खिळलेला होता. १५ सप्टेंबर रोजीं त्याचें देहावसान झालें. जहाजाचें प्रचंड लोखंडी शरीर त्या स्फोटानें फाटलें नाहीं, याचें लोकांनीं कौतुक केलें. मेलेले कामगार त्या कौतुकांत फारसे कोणाच्या स्मरणांत राहिले नाहींत. इतिहासाच्या पुस्तकांत 'ग्रेट ईस्टर्न'ची लांबी हटकून सांपडते. ती तोटी क्वचितच सांपडते.

आतां पुन्हा शिडाच्या नौकेकडे वळूं. शीड असलेल्या जहाजांत सहायक यंत्र बसविण्याची कल्पना जुनी आहे. १८१९ सालीं अटलांटिक ओलांडणारी 'सॅव्हाना' वस्तुत: शिडाचेंच जहाज होती, आणि तिचीं वाफेचीं चाकें त्या प्रवासांत फार थोडा वेळ फिरलीं. १९१० सालीं अ‍ॅमुंडसेन दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हां त्याच्या 'फ्राम' या शिडाच्या जहाजांतून वाफेचें यंत्र काढून डिझेल यंत्र बसविलें होतें. आज हौशी माणसांच्या लहान नौकांतहि डिझेल यंत्र असतें, आणि त्या यंत्राच्या अंगांत वर सांगितलेला सारा इतिहास सुप्त रूपानें वसत असतो.

समुद्राचें पाणी तळाच्या तोटींतून आंत येतें, गाळणींतून जातें, रबरी पात्यांच्या पंपानें पुढें ढकललें जातें, आणि एका नळ्यांच्या पात्रांत यंत्रांतील गोड्या पाण्याची उष्णता उचलून, शेवटीं धुरांत मिसळून नौकेच्या मागें पडतें. तें नळ्यांचें पात्र म्हणजे हॉलची दोन पाण्यांची भिंतच होय. ज्या जुन्या नौकांत ही भिंत नसते, म्हणजे समुद्राचेंच पाणी यंत्राच्या अंगांतून फिरतें, तेथें यंत्र साठ अंशांच्या आसपासच ठेवतात. गोड्या पाण्याचें यंत्र ऐंशी अंशांवर चालूं शकतें. कारण तेंच: फार तापलें कीं क्षार बसूं लागतो.

म्हणून तांडेलानें जो क्रम धरला तोच शास्त्रशुद्ध होता. पाणी मागें पडत नसेल तर दोष समुद्राच्या बाजूस. तोटी उघडी आहे का, गाळणी मोकळी आहे का, पंपाचीं रबरी पातीं शाबूत आहेत का, या क्रमानें पाहावें. पाण्यावांचून पंप थोडा वेळ जरी फिरला तरी पातीं तुटतात. आणि तुटलेलें प्रत्येक पातें मोजून सांपडेपर्यंत शोधावें लागतें, कारण तो तुकडा पुढें जाऊन नळीच्या तोंडाशीं अडकतो व नवा पंप बसविला तरी यंत्र तापतच राहतें. पाणी भरपूर पडत असेल आणि तरीहि यंत्र तापत असेल, तर दोष आंतल्या बाजूस. गोडें पाणी कमी झालें, पट्टा सैल झाला, उष्णतेनें उघडणारी झडप मिटलेली राहिली, किंवा नळ्यांत क्षार सांचला. कधीं दोष यंत्रांत नसतोच. तळाला शिंपले चिकटून किंवा पंख्यास दोरी गुंडाळून यंत्रावरील भारच वाढलेला असतो. आणि तप्त यंत्राचें झांकण घाईनें उघडूं नये, हें 'ग्रेट ईस्टर्न'च्या मागून आलेल्या पिढ्यांस वेगळें सांगण्याची गरज पडूं नये. पण तें दरवेळीं सांगावें लागतें.

त्या दिवशीं मांडव्याच्या धक्क्यावर उतरतांना आम्हीं तांडेलास विचारलें, "हें सगळें तुम्ही कोठें शिकलां?" तो म्हणाला, "शिकायचं काय त्यांत? एकदां तोटी बंद ठेवून यंत्र चालवलं होतं. मालकानं पगार कापला. तेव्हांपासून चालूं करायच्या आधीं हात तोटीवर जातो." एवढें बोलून तो परतीच्या तयारीस लागला. यंत्र सुरू करण्यापूर्वीं तो खालीं वांकला, आणि त्याचा हात आधीं त्या तोटीकडेच गेल्याचें आम्हीं पाहिलें.